दोन ओळींची दुरुस्ती

कोल्हापुरातल्या त्या ऑफिसात कर्नलवर काम करणारे आम्ही दोघंच होतो, बाकीची टीम परदेशात. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणाकडून काढून घ्यायची, हे तिथं ठरतं. हुपरीहून रोज बसनं येणारा माझा सहकारी कोड लिहायचा आणि मी तपासायची. मी ‘तपासलं, ठीक आहे’ असं लिहिल्याशिवाय त्याची एक ओळ पुढं जात नसे. परदेशातल्यांचे बदलही अधूनमधून माझ्याकडंच तपासायला येत.

एकाच मोठ्या संगणकात अनेक ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे संगणकातले संगणक, शेजारी शेजारी चालायची. एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून मेमरीचं प्रत्येक पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, पुसून मगच पुढच्याला द्यायचं, हे आमचं काम. या मशीन्सना परदेशातले लोक गेस्ट म्हणत. तो पावणं म्हणायचा.

“एक पावणं उठलं की अंथरूण झटकायचं, मॅडम. न्हाईतर दुसऱ्याला पयल्याचा घाम.”

एकदा त्याचा कोड वाचताना मी अडखळले. नवं मशीन उभं करणं अर्ध्यावर फसलं, तर त्याला दिलेली पानं न पुसताच मोकळ्या पानांच्या साठ्यात परत जात होती. चहा पिताना मी त्याला विचारलं.

“साठ्यात जाताना वरच्या फंक्शनमधी पुसलं जातंय की,” तो म्हणाला. “दोनदा कशाला पुसायचं?”

मला पटलं. मी ‘ठीक आहे’ लिहिलं. चहावर झालेलं हे बोलणं कुठं नोंदवलं नाही.

वर्षभरानं ग्राहकाकडून पत्र आलं. एका मशीनच्या मेमरीतला मजकूर दुसऱ्या मशीनला वाचता आला होता, आणि तो नेमका याच वाटेनं गेला होता. साहेबांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. पडद्यावर त्याचं फंक्शन होतं आणि त्यात पुसण्याची ओळ नव्हती.

“हे तुमच्या नजरेतनं सुटलं कसं?” साहेबांनी मला विचारलं.

आमच्या बौद्ध वस्तीतून असल्या नोकरीत गेलेली मी पहिली. माझी चूक माझ्या एकटीची राहणार नाही, उद्या वस्तीतल्या दुसऱ्या पोरीला दारातच या चुकीचा दाखला देतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, “मला शंका आली होती. मी यांना विचारलं होतं. वर पुसलं जातं असं यांनी सांगितलं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं.

“व्हय, मीच सांगितलं हुतं,” तो म्हणाला.

महिन्याभरात त्याला काढलं. मी राहिले.

पुढं दोन वर्षांनी त्याच भागाची नवी आवृत्ती करायची म्हणून मी जुने बदल एकेक करून वाचत होते. पानं साठ्यात परत घेणाऱ्या त्या वरच्या फंक्शनमध्ये पूर्वी पुसण्याच्या दोन ओळी होत्या. त्यानं कोड लिहिला तेव्हा त्या तिथंच होत्या. त्यानंतर चार महिन्यांनी परदेशातल्या कुणीतरी, वेग वाढावा म्हणून, त्या काढल्या होत्या. ‘सगळे आपापलं पुसतात’ असं कारण दिलं होतं. त्या बदलाखाली ‘तपासलं, ठीक आहे’ होतं, आणि पुढं माझं नाव.

मला तो दिवस आठवेना. लोडशेडिंगमुळं इन्व्हर्टर ओरडत असेल, घाईत दोन ओळी बघून पुढं सरकले असेन. खरंच आठवेना, आणि त्याचंच जास्त भय वाटलं.

मी साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. “ते प्रकरण मिटलंय,” ते म्हणाले. “आता उकरून कुणाचं भलं होणार आहे?”

रविवारी मी हुपरीला गेले. घरातल्याच खोलीत तो ज्योतीवर चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडत बसला होता. डोळे लालभडक. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यानं ज्योत बारीक केली.

“म्हंजे मी लिवलं तवा बरोबर हुतं?”

“बरोबर होतं.”

“त्या दिवशी मलाबी तसंच वाटलेलं. पण तुम्ही म्हणाला, शंका आलती. म्हटलं, मॅडमना शंका आलती म्हंजे माझंच चुकलं असणार. परत उघडून बघितलंच न्हाय.”

मी साहेबांचं बोलणंही सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या. त्यासाठीच तर गेले होते.

“आता काय,” तो म्हणाला. “सगळं इसरलो मी. त्यातली एक ओळ वाचता याची न्हाय मला.” आणि ज्योत मोठी करून पुढची कडी उचलली.

हुपरीला जाण्याआधीच राजीनामा मी लिहून ठेवला होता. तो दिला नाही. सोमवारी वेळेवर कामावर गेले.