पडल्यावर हात वर

माझे आजोबा ज्या उडीत गेले, ती उडी सिनेमात तशीच ठेवली होती.

आणि ती आमच्या नेरूळच्या खोलीत, आमच्याच टीव्हीवर, अख्ख्या बिल्डिंगने टाळ्या वाजवत पाहिली.

आज आजीची पुण्यतिथी. दरवर्षी फोटो टाकतो, विषय संपतो. पण परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'पणजोबा घोड्यावरून पडून गेले.'

चूक. घोडा नव्हता. कमान होती.

म्हणून आज नीट लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. नेरूळ तेव्हा नवंकोरं. आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, आमचा. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. बंद पडलेला आणला आणि मी चालू केला. कोर्स नाही, डिप्लोमा नाही. जुनी पुस्तकं वाचून आणि दोनदा शॉक खाऊन शिकलो.

एक खोड मात्र राहिली होती. चित्र पळायचं. खालून वर, खालून वर.

त्यामुळे सिनेमा असला की मी सेटला चिकटून. हात मागे, चित्र जागेवर धरणाऱ्या व्हर्टिकल होल्डच्या बटणावर.

एकदा पुढच्या रविवारच्या सिनेमाचं नाव टीव्हीवर सांगितलं. आजीने हातातली कपबशी खाली ठेवली.

"ह्यांचा," एवढंच म्हणाली.

तोवर मला आजोबा तापाने गेले एवढंच माहीत होतं. बाबांनी मला गॅलरीत ओढलं.

"ताप वगैरे काही नाही रे. सर्कशीत होते दोघं. झुल्यावर."

मिरजेकडची सर्कस. त्या काळी सिनेमावाल्यांना उड्या मारणारी माणसं लागायची, ती सर्कशीतून न्यायचे. हीरोचे कपडे घालून आजोबांनी कमानीवरून उडी मारायची, असं ठरलं. बाबा तेव्हा आजीच्या पोटात, म्हणून ती घरी. खाली अंथरलेलं गवत कमी पडलं.

कंपनीचा माणूस आजीला सांगून गेला, "जागच्या जागी गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

शॉट मात्र त्यांनी वाया घालवला नाही.

"तो सीन आला की मी खोकेन," बाबा म्हणाले. "तू चित्र पळव. विचारलं कुणी तर अँटेना हलली म्हणू. खाडीचा वारा काय कुणाला नवा आहे?"

मी हो म्हणालो.

रविवारी दुपारी आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बापानं चित्र पळवायला सांगितलंय न्हवं?"

मी टीव्हीचं शटर पुसायला घेतलं.

"बटणाला हात लावशील तर बघ."

"आजी, कशाला बघायचं ते?"

"सर्कशीत कायदा असतोय. झुल्यावरनं पडला त्यानं हात वर करायचा. म्हंजे, मी हाय. वर जोडीदार असतोय, त्यानं हात वर करून जबाब द्यायचा. मगच बँड वाजायचा." मग एक खडा बाजूला टाकून, "ह्यांनी हात केला का न्हाई, एवढंच बघायचंय मला."

"आणि केला असला तर?"

तिची बोटं तांदळात थांबली.

"तर जागच्या जागी गेले न्हाईत. पडून हुते. आणि कुणी जबाब दिला न्हाई."

संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सारसोळ्याची काशीबाय, सकाळी मासळी देऊन जायची आणि सिनेमाला परत यायची, ती आजीला खेटून बसलेली. बाबा दारात उभे.

सिनेमा कसला होता विचाराल तर मला सांगता येणार नाही. प्रत्येक भिंत आली की वाटायचं, हीच. प्रत्येक जिना आला की बोट बटणावर.

आणि कमान आली.

फेटेवाला माणूस कडेला धावत आला. चेहरा दिसत नव्हता. बाबा खोकले.

मी बटण धरलं. नुसतं अर्धं फिरवायचं होतं.

बाबा पुन्हा खोकले. शेजारचे सावंतकाका म्हणाले, "अहो, पाणी प्या जरा! ऐकू येत नाही."

उडी.

खाली धूळ.

"काय पडलाय रे! एकदम ओरिजिनल!" सावंतकाकाच.

मला वाटत होतं, कापा. आता तरी कापा शॉट.

धुळीतून हात वर आला.

कोपरापासून. पंजा उघडा. क्षणभरच. आणि लगेच हीरो कपडे झटकत, हसत उभा. खोलीत टाळ्या.

मी आजीकडे बघायला घाबरत होतो. तरी बघितलं.

आजीचा हात वर होता. सरळ, पंजा उघडा.

"काय हाय गो आजी? पानी देऊ काय?" काशीबाय म्हणाली.

"नको बाई. जबाब द्यायचा राहिला हुता."

मंडळी गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बघितलाय तो हात. तरुणपणी, तंबूतल्या टॉकीजमध्ये. तीनदा गेलो होतो बघायला. तिला कळू नये, एवढंच होतं."

पुढे मी मिरजेकडे हिंडलो. झुल्यावरचा एक म्हातारा भेटला, त्याने हाच कायदा सांगितला. सिनेमाच्या नावांमध्ये आजोबांचं नाव नाही. म्हणून इथे लिहितो. गणू. आणि आजी, यमुना. दोघं झुल्यावरची.

आजी गेली तेव्हा मी पलंगाशी होतो. तिचे हात चादरीखाली. मी बघत राहिलो. चादर हलेल याची भीती, हलणार नाही याचीही.

नाही हलली.

कायद्याने आधी पडलेल्याने हात करायचा असतो. मला माहीत आहे.

तरी मी केला.

आजी, आजही केलाय. नमस्कार.