ढग म्हणून पुसलेला धूर
इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या डोंगरांपलीकडे वणवा लागला की आमच्या घरात जळका वास शिरतो आणि मला जुन्या ऑफिसातला तो सॅटेलाइट फोटो आठवतो. आमचा प्रोग्राम अशा फोटोंमधले ढग पुसायचा आणि क्लायंट होती एक तेल कंपनी. तिला हवे असलेले फोटो लढाई चाललेल्या एका वाळवंटातले होते; तिथल्या तेलविहिरींवर निर्बंध होते, कागदोपत्री त्या बंदच होत्या. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की प्रोग्राम तिथे ढग समजून जे पुसतोय, तो उघड्यावर कच्चं तेल उकळणाऱ्या भट्ट्यांचा काळा धूर आहे; म्हणजे तिथे चोरून तेल निघतंय. मी तडक मॅनेजरकडे गेलो. तो नागपूरचा, माझ्याहून सीनियर. चहा ढवळत म्हणाला, "अरे यार, क्लायंटला क्लीन इमेज हवी आहे. धूर कुणी मागितलाय?" मी मेल केले, मीटिंग लावली. मीटिंग कॅन्सल झाली आणि फोटो लख्ख होऊन क्लायंटकडे गेले. आज वणव्याच्या धुरामुळे मी खिडक्या लावत असताना मुलगी फोन पुढे करून म्हणाली, "बाबा, मॅपवर बघ, किती स्मोक दिसतोय." मी म्हटलं, "आपल्याकडचा आहे ना, म्हणून दिसतो."