तपासणीच्या दिवशीचा ताप

पत्नी गेल्यावर तिच्या पेन्शनच्या कामासाठी मी म्हैसूरच्या शिक्षण कार्यालयात बसलो होतो. ती सरकारी शाळेत शिकवायची. शेजारी वरुणा गावाहून आलेली एक बाई होती. पदराच्या टोकाने ती आपल्या मुलीचं कोरडं कपाळ सारखं पुसत होती.

"आज शाळेत तपासणी, अण्णा," ती आमच्या म्हैसुरी मराठीत म्हणाली. "दर तपासणीला हेडमास्तर सांगतात, हिला घरी ठेवा, आम्ही हजेरीत ताप लिहितो. नोडी, हात लावून बघा. कुठं आहे ताप?"

आतून शिक्षणाधिकारी साहेब बाहेर आले. तिने तेच सांगितलं. ते हसले. "तिला वाचता येत नाही, बाई. शाळेचं नाव खाली जातं."

"वाचता येत नाही म्हणूनच शाळेत घातली की, सार."

साहेब जीपकडे वळले. तपासणीला तेच निघाले होते. बाईने मुलीला उचलून मागच्या सीटवर बसवलं. "तुम्ही तिकडंच चाललात. हिलाही न्या."

तिच्या शाळेत तपासणी झाली की त्या संध्याकाळी माझी पत्नी जेवत नसे. "आज वर्गात फक्त हुशार मुलं होती," एवढंच म्हणायची. तिचा तो राग तिच्याबरोबर जळलेला नाही. तो आता माझ्याकडे आहे.