आबाजींना दिलेल्या फैरी

माझ्या आजोबांच्या अंत्यविधीला पोलिसांनी बंदुका झाडल्या, आणि त्याला हो मी म्हटलं होतं.

आज वर्ष झालं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर कमेंटमध्ये सांगा. नुसते हात जोडलेले इमोजी नकोत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.
आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. स्वातंत्र्यसैनिक. शंभरीला टेकलेले. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारचा चहा पिऊन शांतपणे गेले.

बेचाळीसच्या आंदोलनात मोठे पुढारी एकामागून एक तुरुंगात गेले, तेव्हा कन्हानकडच्या खाणकामगारांचा मोर्चा या कॉलेज सोडलेल्या पोरानं काढला.
समोर पोलिस उभे होते. लोक थबकले.
आबाजी ओरडले, "पुढे चला!"

लोक पुढे गेले. गोळ्या सुटल्या.
आबाजींना खरचटलंही नाही. शेजारी चालणारा त्यांचा दोस्त गणपत जागेवरच गेला.

मग तुरुंग, सुटका, स्वातंत्र्य, सत्कार, शाली. कामगारांसाठी म्हातारपणापर्यंत भांडले. एकदा निवडणुकीला उभे राहिले आणि सपाटून पडले.
भाषणात तुरुंगाचं सगळं सांगायचे, भाकरीतल्या खड्यांसकट. गणपतचं नाव मात्र कधीच नाही. ते फक्त घरात, दिवाळीचे फटाके सुरू झाले की.

म्हणून ऐन दिवाळीत ते आवाजापासून लांब, रामटेकजवळ ओळखीच्यांच्या धानाच्या शेतावर जाऊन राहायचे. आम्हा पोरांना टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा कधी मिळालं नाही.

इथपर्यंत सोपं आहे ना? अशा माणसाला बंदुकीची सलामी कोण देईल?

पण हाच माणूस दर पंधरा ऑगस्टला कडक इस्त्रीची खादी घालून सरकारी झेंडावंदनाला जायचा. पोलिसांचं पथक समोरून निघालं की काठी टेकत उभा राहायचा. बाकीचे पाहुणे आरामात बसलेले.

एकदा मी विचारलं, "आबाजी, तुम्ही पोलिसांसाठी काहून उभे राहता?"
"आता आपले आहेत न वं ते."

त्याच संध्याकाळी टीव्हीवर कुठलासा लाठीमार दाखवत होते. आबाजींनी टीव्ही बंद केला.
"पोलिस पोलिसच असते," म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

आता यातलं कुठलं धरायचं?

घाटावर सरकारी साहेबांनी मला हळूच बाजूला घेतलं. "मॅडम, फैरी झाडायच्या न? फॅमिलीनं हो म्हटलं का आम्ही मोकळे."

माझे बाबा आता नाहीत. भाऊ बंगलोरहून निघालेला, विमानात. म्हणजे फॅमिली म्हणजे मी आणि आत्या.

आत्या ही आबाजींची एकुलती मुलगी, सत्तरी ओलांडलेली. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, पण ती कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती. तिच्यासोबत मीही गेले.
तिनं माझा दंड धरला. "वाजू देऊ नको वं. मेल्यावर तरी नको."

मागून आबाजींच्या युनियनमधले एक काका बोलले, "ताई, मानाची गोष्ट आहे. इंग्रजानं गोळी देल्ली होती, आपलं सरकार सलामी देऊन राहिलं. नाही कसं म्हणता?"

दोघंही बरोबर. मला दोघांचाही राग आला.
सगळ्यात जास्त आबाजींचा आला. एवढं जगलात, गावभर भाषणं दिलीत, ही एक गोष्ट सांगून ठेवता आली नाही?

त्यांच्या अंगावर तिरंगा होता. मी तो बघितला आणि हो म्हटलं.
तिरंगा होता म्हणून, की साहेब सारखे घड्याळ बघत होते म्हणून, देव जाणे.

बिगुल वाजला. फैरी झाडल्या. झाडावरचे कावळे ओरडत उडाले.
आत्यानं डोळे गच्च मिटले होते. मी आबाजींच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला खरंच वाटलं, आता दचकतील.

मग सगळे लाकडं रचण्याकडे वळले. एक तरुण शिपाई तेवढा गवतात वाकून काहीतरी शोधत होता.

"काय शोधून राहिला गा?" आत्यानं विचारलं.
"पुंगळी, आजी. बंदूक झाडली का रिकामी पडते न, तेच. सगळ्या परत जमा करा लागते. एक सापडून नाही राहिली."

मला वाटलं, आता ही त्याला सोलून काढते.

आत्यानं पदर खोचला आणि त्याच्यासोबत गवतात बसली. हातानं गवत बाजूला करत करत शोधायला लागली. मी नुसती बघत उभी.

तिलाच सापडली. तळहातावर घेऊन तिनं ती उलटीसुलटी केली.
"एवढ्याशानंच गेला होता का गणपत?"

शिपायाला कोण गणपत ते काय माहीत. त्याला वाटलं, आजी घाबरली.
"नाही जी आजी, यात गोळी नव्हतीच. सलामीची होती. नुसता आवाज असते."

आत्यानं पुंगळी त्याच्या हातात दिली.
"आमच्या बाबाले आवाजच तर ऐकू येत होता, बापा. जिंदगीभर."

तो उठला. टोपी काढून आबाजींच्या पायाशी गेला आणि पायांवर डोकं ठेवलं. मग कुठे आत्या रडली. त्याच्याच खांद्यावर.

घरी येताना गाडीत मी तिला विचारलं, "आत्या, नको होतं का मी हो म्हणायला?"
खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले विचारू नको वं."

तर आबाजी, रागावला असाल तर माझ्यावर रागवा. आत्यावर नको. तिनं नको म्हटलं होतं.

तुमची फार आठवण येते.
तुमच्या पायांवर डोकं ठेवते.