दुपारची लाइन

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जुन्या हुबळीतल्या आमच्या कापडदुकानातून बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनवरून चालणारा संगणकी निरोपफळा, चालवीत असे. बेंगळूरच्या मित्राने फ्लॉपीवर दिलेला प्रोग्राम, एक संगणक, त्याला फोनशी जोडणारा मोडेम आणि दुकानाचा फोन, एवढीच सामग्री. दुकान जेवणासाठी बंद झाले की बोर्ड सुरू होई. ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असेल त्याने आमचा नंबर लावायचा, आधीच्यांचे निरोप वाचायचे, आपला ठेवायचा. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच; त्याच्याशी दादाला टाइप करून थेट बोलताही येई. पडद्यावर रोमन अक्षरेच उमटत. दादाने त्यांतच सगळा मेनू मराठीत करून घेतला होता. बाहेर पडायच्या पर्यायाला त्याने ‘येतो’ म्हटले होते. निघताना ‘जातो’ म्हणायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

धारवाडची आमची आत्या त्यावर रोज येई. निवृत्त शिक्षिका. तिचे ऐकणे पूर्ण गेले होते. मुलगा नोकरीसाठी बाहेर पडला आणि त्याचा संगणक तिच्याकडे राहिला. ती बोर्डावर असते हे आमच्या वडिलांना, अप्पांना, ठाऊक नव्हते. या थोरल्या बहिणीला फोन करणे त्यांनी केव्हाच सोडले होते.

एका दुपारी इचलकरंजीच्या व्यापाऱ्याशी बोलायला त्यांनी माडीवरचा, त्याच लाइनचा फोन उचलला. खाली लाइन तुटली.

“फोनमध्ये रातकिडे शिरलेत! दुपारी फोन केला की त्या व्यापाऱ्यालाही हेच ऐकू येतं,” अप्पा जिन्यावरूनच ओरडले. “उद्यापासून हे खोकं बंद.”

“तुम्ही आत्याला घालवलंत,” दादा म्हणाला.

“अक्काला? तिला ऐकू कुठं येतं?”

“वाचता येतं की.”

मोडेम पुन्हा किंचाळला; आत्याने परत नंबर लावला होता. पडद्यावर एकेक अक्षर येऊ लागले: मध्येच फोन कुणी उचलला? तुझा बापच असणार. लहानपणापासून मध्ये तोंड घालतो.

अप्पा स्टुलावर बसले. “लिही. गुडघा कसा आहे?” ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारचा शिंपी डोकावून गेला.

“ओरडू नका अप्पा, मी टाइप करतोय.”

“मग तिला कळायचं कसं?”

गुडघा बरा होता. डोळ्याचे ऑपरेशन होऊन गेले होते, हे अप्पांना तेव्हाच कळले.

“मला का नाही सांगितलंस, विचार तिला.”

उत्तर आले: तू येतोस कुठं?

बोर्ड बंद झाला नाही. संध्याकाळी दुकान उघडल्यावर अप्पांनी इचलकरंजीला फोन लावला. “दुपारी करू नका हो,” त्यांनी व्यापाऱ्याला सांगितले. “त्या वेळी आमची अक्का असते लाइनवर.”