तुमचं काम नक्की काय?

जेवणाच्या सुट्टीत टेबलावर एखादी जागा रिकामी दिसली, की त्या माणसाचा किस्सा सुरू होतो. रोह्याच्या एका कंपनीत मी एचआरला आहे. हल्ली आमच्याकडे माणसं कमी आणि किस्से जास्त झालेत.

सुरुवात जॉब ॲनालिसिसपासून झाली. प्लँट मॅनेजर देशमुख साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "कुणाची नोकरी जाणार नाही. कोणत्या कामाला काय काय यावं लागतं, एवढंच समजून घ्यायचंय."

मी पेणचा. आमचे जुने ऑपरेटर गजाननकाका गडबचे, त्यामुळे आमची बस एकच. परतताना काका म्हणाले, "नोकरी जानार काय, असं कुनी इचारलं होतं?"

*

पहिली मुलाखत काकांचीच. मी विचारत होतो, साहेब शेजारी.

"दिवसभर काय करता?"

"मशीनकडं बघत बसतो."

"म्हणजे बसूनच असता," साहेब म्हणाले.

"मी बसलेलो हाय म्हंजे मशीन चालू हाय, साहेब."

साहेबांनी त्यातलं 'बसलेलो' तेवढंच ऐकलं. काकांची पोस्ट जास्तीची ठरली.

*

मग पॅकिंगच्या सुनंदाताई. "तुमच्या कामाला कुठलं कौशल्य लागतं?"

"उभं राहायचं."

"ते कौशल्य नाही," साहेब म्हणाले.

"मंग खुर्ची द्या."

खुर्ची मिळाली नाही. शेजारच्या रंजनाला मात्र घरी पाठवलं आणि दोघींचं काम एकट्या ताईंवर आलं. कसं चाललंय विचारलं, तर म्हणाल्या, "हात चालतात. बोलायला कोन नाय."

*

शेवटी हेड ऑफिसनं व्हिडिओ कॉलवर साहेबांनाच विचारलं, तुमचं काम नक्की काय?

"माणसांवर देखरेख."

पलीकडून प्रश्न आला, "आता माणसं उरलीत किती?"

ती साहेबांनीच कमी केली होती. त्यांचीही पोस्ट जास्तीची ठरली.

*

काका आणि साहेब एकाच दिवशी कंपनीतून गेले. कँटीनमध्ये दोघांना सारखेच गुच्छ दिले. चहा घेताना काकांनी विचारलं, "साहेब, पुढं काय?"

"बघतोय. या वयात कोण घेतंय?"

काकांनी कप खाली ठेवला. "वडखळ नाक्यावर भाच्याचं हॉटेल हाय. मी सोमवारपासून जातोय. अजून एक मानूस पायजे त्याला. चहा करता येतो तुमाला?"

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "नाही."

"भजी तळाल?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"बरं," काका म्हणाले. "तरी भाच्याला इचारून बघतो."