पण नोकरी खंय आसा?

नोकरी सोडून गावात स्वतःचा धंदा उभारणाऱ्या सिंधुदुर्गातल्या माझ्या भावांनो, दिवसभर राबूनही आपलंच गाव आपल्याला रिकामटेकडं समजतं.

आज दुपारी भाचा महेश याच्यासाठी मुलगी बघायला जामसंड्याला गेलो होतो. पुण्यातल्या कंपनीची नोकरी सोडून त्याने कुणकेश्वरला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं. तेही 'गावातच धंदा उभारा' ही माझी भाषणं ऐकून.

चहा झाल्यावर मुलीच्या वडिलांनी मुलाबद्दल विचारलं, "झील काय करता?"

"होड्यांची इंजिना दुरुस्त करता. स्वतःचा गॅरेज आसा," मी अभिमानाने सांगितलं.

"ता बरा. पण नोकरी खंय आसा? माझा चेडू काय तेच्या गॅरेजातले पाने मोजीत बसतला?"

सगळे हसले. मी तोंड उघडणार, एवढ्यात महेशच म्हणाला, "नोकरी शोधतंय, काकानू."

भर समुद्रात बंद पडलेली होडी चालू करून देणारा हा मुलगा! त्याने स्वतःचं काम स्वतःच नाकारलं.

परतताना मी त्याच्यावर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "मामानू, तुमच्या भाषणाक टाळयो गावतत. माका चेडू गावना नाय."

मला टाळ्या मिळतात, त्याला मुलगी मिळत नाही, हे खरंच होतं. उद्या तो गॅरेजला कुलूप लावणार आहे. त्याला अडवायचा हक्क मला उरलेला नाही, आणि हे गाव बदलेल असंही आता वाटत नाही.

तरी तुमच्याकडे एकच मागतो. तुमच्या लग्नाच्या बायोडाट्यात 'नोकरी' हा शब्द असेल, तर आजच तो खोडा आणि तिथे आपल्या धंद्याचं नाव लिहा.